नाल्यांवर पातळी-सेन्सर घ्यायचे आहेत: नव्या कंपन्या येतील आणि लेखापरीक्षणातही टिकेल अशी निविदा कशी लिहावी?

नालाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुंबई महानगर क्षेत्रातल्या एका महापालिकेच्या पर्जन्यजलवाहिन्या विभागासाठी विचारतो आहे. ४० ठिकाणी नाल्यातली पाण्याची पातळी दर पाच मिनिटांनी नियंत्रण कक्षात दिसायला हवी, म्हणजे पंप कुठे आधी पाठवायचे ते कळेल.

मागच्या निविदेत सेन्सरचा प्रकार, व्होल्टेज, अगदी केबलचा व्यास लिहिलेला होता. अनुभवाची अट नेहमीचीच: गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारचं काम पूर्ण केलेलं असावं. दोन निविदा आल्या आणि दोघेही एकाच बनावटीचा माल देणारे निघाले. एल-१ला, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याला, काम गेलं. भर पावसात जवळपास निम्म्या ठिकाणचे आकडे एक तर गोठले, नाहीतर कोरड्या नाल्यात दोन मीटर पाणी दाखवू लागले. कागदावर ठेकेदाराची चूक काहीच नाही, कारण जे मागितलं तेच त्याने दिलं.

आता चांगली उपकरणं करणाऱ्या तीन-चार छोट्या कंपन्या आहेत, पण एकीलाही तो अनुभव नाही. अट काढली तर लेखाविभाग विचारणार, ठेवली तर पुन्हा तोच माल. नियमात बसवून नवीन वस्तू घ्यायचा रस्ता कोणता? अनुभवी लोकांनी कलमांसकट सांगावं ही विनंती.

---

तिसरी_कॉल

आधी अनुभवाच्या अटीचं बघू. त्या सात वर्षांच्या अटीसोबत येणारं ८०-५०-४० हे प्रमाण केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२च्या परिपत्रकातून आलं आहे: अंदाजित खर्चाच्या ८० टक्क्यांचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन, आणि सरासरी वार्षिक उलाढाल ३० टक्के. ते परिपत्रक बांधकामांच्या पूर्वपात्रतेसाठी होतं. रस्ता, पूल, इमारत अशा कामात ते शहाणपणाचं आहे, कारण अर्ध्यात सोडलेला पूल दुसऱ्याला पूर्ण करायला देणं फार महागात पडतं. पण जुन्या निविदेचा मसुदा कॉपी करता करता तीच अट संगणक, सेन्सर, सॉफ्टवेअर सगळ्यांना चिकटली. जी वस्तू बाजारात येऊन तीन वर्षं झाली, तिचा सात वर्षांतला अनुभव आणणार कुठून?

स्टार्टअपना यातून सवलत देता येते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७मधला नियम १७३(१) सांगतो की मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी पूर्वानुभव आणि पूर्व-उलाढाल या अटी शिथिल करता येतात, मात्र दर्जा आणि तांत्रिक निकष पूर्ण व्हायलाच हवेत. नियम १७० बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामतीतून) सूट देतो. पण इथे बरेच जण घसरतात. हे नियम केंद्र सरकारचे, महापालिकेला ते आपोआप लागू होत नाहीत. टिपणीत "नियम १७३ नुसार" एवढंच लिहिलंत तर पहिला आक्षेप तिथेच येईल. तुमचा आधार म्हणजे तुमचा महापालिका अधिनियम (मुंबईसाठी १८८८चा, इतरांसाठी १९४९चा), आणि राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ची खरेदी नियमपुस्तिका, तिच्यात नंतर झालेल्या सुधारणांसकट. नियमपुस्तिकेतलं कलम आणि त्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी, अशा क्रमाने टिपणी लिहा. केंद्राचा नियम पूरक म्हणून जोडा.

आणि एक लक्षात ठेवा. सवलत "देता येते" असं आहे, "द्यावीच" असं नाही. म्हणून ती निविदा सूचनेतच स्पष्ट लिहिलेली पाहिजे. लिफाफे उघडल्यावर एखाद्याला आत घ्यायला म्हणून सवलत दिलीत तर ते कुठेच टिकणार नाही.

---

तळातला_गाळ

अनुभव काढलात तर त्या जागी काहीतरी ठेवावं लागेल, आणि ते म्हणजे चाचणी. सगळा जीव त्यातच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमचे आकडे का गोठले याचा अंदाज बांधता येतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतो. नाल्यातल्या पाण्यावर साबणाचा फेस असतो, तो आवाज शोषून घेतो. थर्माकोल आणि बाटल्या वाहत येतात, त्या खोटा प्रतिध्वनी देतात. चकतीवर दमटपणाचे थेंब बसतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे सेन्सरच्या तोंडाशी २० ते ३० सेंटिमीटर आंधळा पट्टा असतो. पाणी स्लॅबच्या तळाला टेकायला येतं नेमक्या त्याच वेळी सेन्सर आंधळा होतो. पाण्यात बुडवायचा दाबाचा सेन्सर घेतला तर तो गाळात गाडला जातो. रडारला फेसाचा त्रास बराच कमी, पण तो महाग, आणि बसवणाऱ्याने कोन चुकवला तर भिंतच मोजत बसतो.

तरीही निविदेत "रडार" असं लिहू नका. लिहिलंत की मागची चूक नव्या नावाने झाली. उद्या कोणी कॅमेऱ्याने पातळी वाचणारं किंवा दोन स्वस्त सेन्सर जोडीने वापरणारं उपकरण आणलं तर त्याला दार बंद. गरज लिहा: तळापासून स्लॅबच्या खालच्या कडेपर्यंत पूर्ण उंचीत, फेस आणि तरंगता कचरा असताना, ±२ सेंटिमीटर अचूकता. उपकरण पाण्याखाली गेलं तरी पाणी ओसरल्यावर हात न लावता पुन्हा चालू व्हावं. झाकण लोखंडी असलं तरी संदेश बाहेर जावा. (अँटेना बिडाच्या झाकणाखाली ठेवून सिग्नल जात नाही म्हणणारे पुष्कळ भेटतील, म्हणून हे वाक्य हवंच.)

नुसती गरज लिहिली की तुलना होत नाही, प्रत्येकजण "आमचं करतं" म्हणतो. म्हणून मोजायची पद्धतही निविदेतच छापा. मी असं लिहीन:

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर सर्वांसमोर टाकीची चाचणी. १००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी, वरचा भाग कापलेला. लोखंडी ड्रम घेऊ नका, रडारचे पडसाद भिंतींवरून येतात आणि चांगलं उपकरणही नापास होतं. टाकीच्या आत सेंटिमीटरची पट्टी. तीन अवस्था: स्वच्छ पाणी, त्यावर १० सेंटिमीटर साबणाचा फेस, मग फेसासकट थर्माकोलचे तुकडे आणि चार रिकाम्या बाटल्या. प्रत्येक अवस्थेत पाणी सेन्सरपासून ५ सेंटिमीटरपर्यंत चढवायचं आणि पाच ठिकाणी वाचन घ्यायचं. १५ पैकी किमान १३ वाचनं ±२ सेंटिमीटरमध्ये आली पाहिजेत. सगळ्याचं चित्रीकरण, वाचनाच्या तक्त्यावर हजर असलेल्या प्रत्येक निविदाकाराची सही. अर्ध्या दिवसात उरकतं. दहा वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र जे सांगत नाही ते ही टाकी सांगते.

त्यानंतर नाल्यावरची चाचणी, एक पूर्ण पावसाळा, आणि तिचे पैसे देऊन. फुकट चाचणी मागू नका. फुकटात मोठी कंपनीच टिकते, छोटी पहिल्याच महिन्यात हात आखडता घेते, आणि फुकट दिलेल्या वस्तूला दंड लावता येत नाही. तीन कंपन्या, त्याच चार जागा, प्रत्येक नगामागे समजा ६०,००० रुपये (बसवणं, देखभाल, चार महिन्यांची माहिती धरून), म्हणजे ७,२०,००० रुपये. प्रत्येक जागी तिघांची उपकरणं शेजारी-शेजारी, आणि भिंतीवर रंगवलेली पट्टी. कर्मचाऱ्याने ओहोटीला एकदा आणि भरतीला एकदा पट्टीचा फोटो काढायचा, तो खरा आकडा धरायचा.

आता चालू राहण्याचं प्रमाण. "९५ टक्के" एवढंच लिहिलंत तर फसाल. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. दर पाच मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला २८८ आणि हंगामात ३५,१३६ वाचनं. त्याचे पाच टक्के म्हणजे जवळपास सहा दिवस पूर्ण बंद राहूनही कंपनी पास. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. नेमका असा दिवस त्या सहात गेला तर उरलेले ११६ दिवस काय कामाचे? म्हणून दोन आकडे वेगळे मागा: एकूण हंगामात ९५ टक्के, आणि जवळच्या पर्जन्यमापकावर तासाला १५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असलेल्या तासांत, किंवा भरती ४.५ मीटरच्या वर असताना, ९९ टक्के. दंडही या दुसऱ्या आकड्यावर जड ठेवा.

बॅटरीबद्दल: दर पाच मिनिटांनी मोबाइल नेटवर्कवर पाठवायची सक्ती केलीत तर बॅटरी लवकर संपते. मोजणी दर पाच मिनिटांनी, पाठवणी कोरड्यात दर अर्ध्या तासाने आणि पातळी वाढू लागली की लगेच, अशी मुभा द्या. नेटवर्क गेलं तरी आकडे उपकरणात साठून नंतर पोहोचले पाहिजेत.

आणि बसवण्याची तारीख नालेसफाईच्या ठेकेदाराशी जुळवा. मेच्या मध्यात बसवलंत आणि शेवटच्या आठवड्यात पोकलेन उतरलं, तर ब्रॅकेटसकट सगळं गाळाबरोबर डंपरमध्ये जातं.

---

लेखाआक्षेप

वरचं सगळं पटलं. लेखापरीक्षणाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण चांगली खरेदी वाईट नस्तीमुळे (फाइलमुळे) अडकते.

लेखापरीक्षकाला नवीन वस्तूचं वावडं नसतं. कारण न लिहिता केलेला बदल त्याला खटकतो. नस्तीत चार कागद हवेतच: आधीची पद्धत का अपुरी पडली (ठिकाणनिहाय बंद दिवसांचा तक्ता लावा, तुमच्याकडे तो आहेच), बाजारात काय उपलब्ध आहे याची चौकशी, अटी का बदलल्या याची प्रत्येक अटीसमोर एक ओळ, आणि चाचणीची पद्धत कोणी ठरवली. शेवटच्यासाठी तुमच्या अभियंत्यांबरोबर व्हीजेटीआय किंवा आयआयटीसारख्या संस्थेतला एक तज्ज्ञ समितीत घ्या. बाजारचौकशी करताना एका कंपनीशी बंद खोलीत बोलू नका. इच्छुकांची खुली बैठक लावा, जाहिरात द्या, इतिवृत्त संकेतस्थळावर टाका. प्री-बिडमध्ये (निविदा भरण्याआधीच्या बैठकीत) जे उत्तर एकाला दिलं ते शुद्धिपत्रकातून सगळ्यांना, आणि शुद्धिपत्रकानंतर निविदा भरायला पुरेसे दिवस.

"फक्त हीच कंपनी बनवते" असं एकाधिकार प्रमाणपत्र घेऊन थेट खरेदी करायचा मोह होतो. ज्या बाजारात तीन-चार कंपन्या आहेत असं तुम्ही स्वतःच वर लिहिलंय, तिथे ते प्रमाणपत्र खोटं ठरतं. तसंच ई-निविदेची मर्यादा टाळायला ४० नगांचे तुकडे करून दरपत्रकांवर घेणं. दोन्हींत सही करणारा अधिकारी वैयक्तिक अडचणीत येतो.

दर्जाला गुण द्यायचे असतील तर: केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ला दिलेल्या सूचनांनुसार दर्जा आणि किंमत मिळून निवड बांधकामं आणि सल्लागारेतर सेवांमध्ये करता येते, दर्जाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच, आणि तेही १० कोटींच्या आतल्या सेवांना, किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने दर्जाप्रधान ठरवलेल्या खरेदीला. वस्तूंना ती मुभा नाही. म्हणजे "४० सेन्सर" अशी खरेदी मांडलीत तर गुणांकन अडचणीचं. "पाच वर्षं ४० ठिकाणची पातळीची माहिती पुरवणं" अशी सेवा मांडलीत तर त्या विचाराला जागा होते. पुन्हा तेच, या सूचना केंद्राच्या आहेत, तुमच्याकडे सक्षम मंजुरी वेगळी घ्या. माझं मत विचाराल तर गुणांच्या भानगडीत न पडता टाकीची चाचणी पास-नापास ठेवा आणि पास झालेल्यांत एल-१ काढा. गुणांवर वाद होतो, पट्टीवर होत नाही.

पण एल-१ कशाचा? वस्तूच्या किमतीचा नको, पाच वर्षांच्या खर्चाचा. उदाहरणादाखल, एक उपकरण ४०,०००ला आणि वर्षाची देखभाल १८,०००, म्हणजे पाच वर्षांत १,३०,०००. दुसरं ७५,०००ला आणि देखभाल ७,०००, म्हणजे १,१०,०००. किमतीवर पहिलं जिंकतं, खर्चावर दुसरं, आणि ४० नगांना फरक ८ लाखांचा, म्हणजे वरच्या चाचणीचा खर्च त्यातच निघतो. मात्र देखभालीचा दर निविदेतच बांधून घ्या, नाहीतर लोक तिथे शून्य भरतात आणि दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. देखभालीची रक्कम दर तिमाहीला, चालू राहण्याच्या आकड्यावर.

---

उद्यम_कुर्ला

पुरवठादाराच्या बाजूने थोडक्यात. छोटी कंपनी निविदा का भरत नाही? बयाण्यामुळे कमी आणि पैसे अडकण्यामुळे जास्त.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नाही आली तर माल स्वीकारला असं कायदाच धरतो. पण चाचणीच्या खरेदीत "स्वीकारणं" म्हणजे काय हेच कोणी लिहीत नाही आणि हंगाम संपेपर्यंत एक पैसा सुटत नाही. टप्पे पाडून द्या: बसवून पहिला आकडा आला की ४० टक्के, ३१ जुलैला ३०, हंगामाचा अहवाल मान्य झाला की ३०. दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के ही नेहमीची पद्धत ठीक आहे, पण पुरामुळे जागेवर पोचता येत नाही ते दिवस वगळा.

दुसरं, "डिझाइनचे सर्व हक्क महापालिकेचे" हे वाक्य मसुद्यातून काढा. ते दिसलं की चांगली कंपनी मागे फिरते. तुम्हाला हवी ती माहिती: कच्च्या आकड्यांची मालकी तुमची, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला जोडता येतील अशा खुल्या रचनेत, आणि कंपनी बंद पडली तर सॉफ्टवेअर चालवण्यापुरता कोड त्रयस्थाकडे ठेवलेला. एवढ्याने तुम्ही अडकत नाही आणि आमची मेहनतही आमच्याकडे राहते.

शिवाय, महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांत प्रायोगिक कामासाठी कार्यादेश मिळतात, सुरुवातीच्या वर्षांत ते १५ लाखांपर्यंतचे होते. मुंबई महापालिकेची स्माइल नावाची स्वतःची इन्क्युबेटर (नव्या कंपन्यांना आधार देणारी) संस्था आहे. तुमची गरज तिथे "समस्या" म्हणून मांडली तर जाहिरातीआधीच कोण काय करतंय ते कळेल.

---

नालाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीची चाचणी तर उद्याच मसुद्यात घालतो. एक अडतंय: चाचणीत जी कंपनी पास होईल तिच्याकडून ४० नग थेट घेता येतील का? की पुन्हा निविदा काढावी लागेल? पुन्हा काढली तर चाचणीत घाम गाळला एकाने आणि दर कमी भरून काम नेलं दुसऱ्याने, असं होणार.

---

तिसरी_कॉल

प्रायोगिक कामं इथेच मरतात. चाचणी यशस्वी होते, सत्कार होतो, आणि पुढच्या खरेदीसाठी कोरी निविदा निघते. नंतर ते दुरुस्त करता येत नाही, म्हणून पहिल्याच निविदेत दोन्ही टप्पे लिहायचे.

टप्पा अ: टाकीत पास झालेल्यांपैकी पाच वर्षांच्या खर्चाने कमी असलेल्या तिघांना चार-चार जागांची चाचणी. टप्पा ब: नाल्यावरच्या चाचणीत दोन्ही आकडे गाठणाऱ्यांमध्ये जो सर्वांत कमी, त्याला ४० जागांचं काम, दर टप्पा अ सोबतच भरलेला. म्हणजे दर स्पर्धेतूनच आला, नंतरची वाटाघाट नाही. तिघांतला एकही पास झाला नाही तर टप्पा ब आपोआप रद्द, महापालिकेवर बंधन नाही, हेही लिहा. युरोपात २०१४च्या निर्देशात "नाविन्य भागीदारी" म्हणून हीच कल्पना आहे: विकासापासून खरेदीपर्यंत एकच करार, मध्ये थांबायची दारं ठेवलेली. निकष अजून धूसर असतील तर द्विस्तरीय निविदेचाही मार्ग असतो, आधी दराविना तांत्रिक प्रस्ताव, चर्चा, सुधारित निकष, मग दर. तुमची गरज स्पष्ट आहे, तुम्हाला तेवढं लांबवायची गरज नाही.

प्रशासकीय मान्यता मात्र पहिल्या दिवशीच पूर्ण रकमेची घ्या, चाचणी + ४० नग + पाच वर्षांची देखभाल. फक्त चाचणीची घेतलीत तर टप्पा ब साठी नस्ती पुन्हा शून्यापासून फिरेल. खर्च दोन-तीन आर्थिक वर्षांत जातो, तेव्हा ३१ मार्चला तरतूद बुडणार नाही अशी पुढच्या अंदाजपत्रकातही नोंद हवी.

वेळेचा हिशोब उलटा मांडा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नालेसफाई झाल्यावर, उपकरणं बसली पाहिजेत. कार्यादेश एप्रिलच्या सुरुवातीला, कारण छोट्या कंपनीला चार नग बनवायलाही पाच-सहा आठवडे लागतात. टाकीची चाचणी फेब्रुवारीत, प्री-बिड जानेवारीत, सूचना डिसेंबरच्या मध्यात. मध्ये आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर सूचना आणखी आधी. ४० जागा चाचणीच्या पुढच्या वर्षीच्या मेमध्ये होतील, एका पावसाळ्यात नाही, हे वरिष्ठांना आत्ताच सांगा. चाचणीच्या चार जागा मात्र सगळ्यात जास्त तुंबणाऱ्या निवडा: दोन भरतीच्या टप्प्यातल्या, दोन वरच्या अंगाच्या. तिथे तीन-तीन उपकरणं असल्यामुळे चाचणीच्याच पावसात नियंत्रण कक्षाला निदान त्या चार ठिकाणांची पातळी खात्रीने दिसेल.